फक्कीच्या रेषा

मंडळी, सॉफ्टबॉल जन्माला आला तो मैदानात नव्हे, छपराखाली! १८८७ साली शिकागोच्या एका क्लबात जॉर्ज हँकॉक यांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली आणि खडूनं जमिनीवर चौकोन आखला. भारतात या खेळाची संघटना १९६१ साली झाली. पुढे तो शालेय स्पर्धांतही आला.

आम्हा किनवटकरांना मात्र स्पर्धा म्हणजे नांदेडचा प्रवास, शंभराहून अधिक किलोमीटरचा. मुक्काम म्हटला की काही पालक मुलींना पाठवत नसत. हात चांगला असलेली पोर घरीच राही. म्हणून मला वाटतं, स्पर्धा आपल्याच गावी घ्यावी. मैदान शाळेचं, जेवण गावाचं. बाकीची कामं पाहुण्या संघांनी वाटून घ्यावीत. ज्यांचा सामना नाही त्यांनी गुण लिहावेत, बाहेर गेलेले चेंडू आणावेत, बेसमधलं ६० फूट अंतर मोजून फक्की मारावी. पंच तेवढे जाणकार बोलवावेत. कामं करता करता मुलं नियमही शिकतात.

हँकॉकपाशी तरी काय होतं? एक मोजा, एक दांडा आणि खडू. पैनगंगेकाठी एवढं जमायला हरकत नाही!