‘मी’पणाची पायरी

माउली, आपल्या मुळशीच्या उत्तरेला मावळ. तिथल्या कार्ले, भाजे, बेडसे लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खू राहायचे. कार्ल्याच्या शिलालेखांत दान देणारा सुतार आहे, यवनही आहेत. ‘मी’ म्हणून धरून बसावं असं कायमचं काहीच नाही, ही भिक्खूंची शिकवण.

ज्ञानोबारायांनी ‘अमृतानुभवा’त शून्यवाद मानला नाही. सारं शून्य असेल, तर ते शून्य जाणणारा कोण, असा त्यांचा सवाल. तेव्हा वाटा निराळ्या, हे कबूल करावं. पण ‘मी-तू’पणा हा भ्रम, तो सोडा, हे दोन्हीकडे सांगितलंय. म्हणून तर वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात.

मग भेद गेला का? चोखोबांची समाधी पंढरीत महाद्वाराबाहेरच आहे. देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात सानेगुरुजींना उपोषण करावं लागलं. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली, तेव्हा पंढरीचा विठ्ठल म्हणजे बुद्धच, असं मत मांडलं. ते पटो न पटो, त्यामागचं दुःख आपल्याच दारातलं होतं.

शंभर वर्षांत दिंडी किती कोस चालली, ते मोजता येईल. पंगतीला शेजारचा कोण, हे न विचारता आपण किती वेळा जेवलो, ते ज्याने त्याने पांडुरंगासमोर सांगावं.

राम कृष्ण हरि.