आर्ली, छोटा
ग्लॅरिओलिडी पक्षिकुलातील एक लहान कीटकभक्षक पक्षी. त्याला पाणभिंगरी असेही म्हणतात. शास्त्रीय नाव ग्लॅरिओला लॅक्टिआ. डच पक्षिवैज्ञानिक टेमिंक यांनी १८२० मध्ये बंगालमधील पक्ष्यावरून त्याचे प्रथम वर्णन केले. प्रजातिनाम खडी ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले असून जातिनामाचा अर्थ ‘दुधासारखा’ असा आहे. भारतीय उपखंडात व आग्नेय आशियात तो मोठ्या नद्यांच्या काठी थव्याने राहतो.

लांबी सु. १७ सेंमी.; पाठ फिकट वाळूच्या रंगाची, पोट पांढरे, चोच आखूड व काळी, पाय आखूड. बसलेला पक्षी वाळूत सहसा ओळखू येत नाही. उडताना मात्र पंखांवरील काळे-पांढरे पट्टे उठून दिसतात. संध्याकाळी पाकोळीप्रमाणे पाण्यावर घिरट्या घालून तो उडते कीटक टिपतो.

पावसाळ्यानंतर नद्यांचे पाणी ओसरून वाळूची बेटे उघडी पडली की हिवाळ्याच्या उत्तरार्धात व उन्हाळ्यात त्याची वीण होते. वाळूतील उथळ खळग्यात मादी २–४ अंडी घालते. भर उन्हात पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून अंडी गार ठेवली जातात. पाणी पावसाळ्यापर्यंत पुन्हा चढणार नाही, हा नदीचा जुना क्रमच ह्या विणीचा आधार होय.

सोलापूर जिल्ह्यात भीमेचा हा क्रम गेल्या अर्धशतकात बदलला. माढा तालुक्यातील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयाची एकूण क्षमता सु. ३,३२० दशलक्ष घ.मी. आहे. नदीबरोबर येणारी वाळू व गाळ जलाशयात अडू लागला. खालच्या पात्रातील वाळूचा बांधकामासाठी उपसा होत राहिला. शिवाय सोलापूर शहर, पंढरपूर इत्यादींच्या पिण्याच्या पाण्यासाठी ऐन उन्हाळ्यात धरणातून नदीत पाणी सोडण्यात येत आले. त्यामुळे ज्या महिन्यांत पात्र निश्चितपणे कोरडे होत असे, त्याच महिन्यांत ते अकस्मात भरू लागले. अशा वेळी सखल बेटांवरील घरटी वाहून जाण्याचा धोका असतो.

धरणाने या पक्ष्यास नवा किनाराही दिला. उजनीचे पाणी उन्हाळ्यात उतरत जाते व बेटे, गाळाचे पट्टे उघडे पडतात. पुणे जिल्ह्यातील भिगवण-कुंभारगाव भागात हा पक्षी त्यांवर आढळतो. येथे घरटी बुडण्याची भीती कमी. परंतु गाळपेर शेती, चरणारी गुरे व भटकी कुत्री यांचा उपद्रव संभवतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वाळूसारख्या गौण खनिजांच्या लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. जागतिक पातळीवर ही जाती संकटग्रस्त मानली जात नाही. तथापि नदीत पाणी केव्हा सोडावे आणि कोणती बेटे अस्पर्श ठेवावीत, ह्या निर्णयांवर भीमेकाठचे तिचे अस्तित्व अवलंबून आहे.