प्रागचे तत्त्वज्ञ अध्यापक बर्नार्ड बोल्झानो

फ्रान्समधील १७८९ च्या राज्यक्रांतीनें युरोपांतील राजघराण्यांची झोंप उडविली होती. तरुणांच्या डोक्यांत स्वतंत्र विचाराचें वारें शिरलें तर आपल्या सिंहासनाचीहि तीच गत होईल, अशी धास्ती ऑस्ट्रियाचे बादशहा फ्रान्सिस यांना वाटूं लागली. यावर उपाय म्हणून त्यांनीं आपल्या साम्राज्यांतील विद्यापीठांत धर्मशिक्षणाचें एक नवें अध्यासन निर्माण केलें. तत्त्वज्ञानाचा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा केल्यावांचून त्या काळीं कोणालाहि कायदा, वैद्यक किंवा ईश्वरविद्या या शाखांकडे वळतां येत नसे. आणि त्या अभ्यासक्रमांतच हा विषय घालण्यांत आला. पुढें वकील, वैद्य, अंमलदार वा धर्मगुरु होणारा प्रत्येक तरुण या एका अध्यापकाच्या हाताखालून जावा आणि राजनिष्ठ होऊन बाहेर पडावा, अशी ही योजना होती. १८०५ सालीं प्रागच्या विद्यापीठांत या जागेवर ज्यांची नेमणूक झाली, त्यांचें नांव बर्नार्ड बोल्झानो. सरकारला हवा होता आज्ञाधारक उपदेशक; मिळाला तो मात्र खरा शिक्षक.

बोल्झानो यांचा जन्म ५ ऑक्टोबर १७८१ रोजीं प्राग येथें झाला. प्राग ही तेव्हां बोहेमियाची राजधानी होती. आज ती चेक प्रजासत्ताकाची राजधानी आहे. वडील मूळचे इटालीचे. कलावस्तूंचा व्यापार करण्यासाठीं ते येथें येऊन राहिले होते. आई प्रागमधील जर्मन भाषा बोलणाऱ्या एका व्यापाऱ्याची कन्या. या दांपत्याला बारा मुलें झालीं. परंतु त्यांपैकीं दोघेच मोठे होईपर्यंत जगले. बर्नार्ड यांचीहि प्रकृति लहानपणापासून नाजूकच होती आणि छातीच्या विकारानें त्यांचा पिच्छा जन्मभर सोडला नाहीं.

१७९६ मध्यें ते विद्यापीठांत दाखल झाले. गणितानें त्यांना ओढून घेतलें, पण त्याचें कारण मोठें विलक्षण होतें. केस्टनर नांवाच्या जर्मन पंडिताच्या ग्रंथांत, जी गोष्ट सर्वांना ठाऊकच आहे म्हणून कोणी सिद्ध करण्याच्या भानगडींत पडत नाहीं, तीच सिद्ध करून दाखविलेली त्यांना आढळली. ‘हें उघडच आहे’ एवढ्यानें समाधान न मानण्याची संवय त्यांना येथें लागली. हीच वृत्ति घेऊन १८०० सालीं ते ईश्वरविद्येकडे वळले, तेव्हां धर्मश्रद्धेविषयींहि त्यांच्या मनांत शंका उठल्या. जी शिकवण माणसाला अधिक सदाचारी करते ती स्वीकारण्यास सबळ कारण आहे, हा विचार पटल्यावर त्यांच्या मनाची चलबिचल थांबली. एप्रिल १८०५ मध्यें त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि थोड्याच दिवसांत ते अध्यासनावर रुजूहि झाले. त्या वेळीं त्यांचें वय अवघें तेवीस वर्षांचें होतें.

व्याख्यानांखेरीज रविवारीं आणि सणांच्या दिवशीं विद्यार्थ्यांपुढें प्रवचनें करणें हें त्यांचें काम असे. या प्रवचनांना हजारांवर श्रोते जमत. त्यांच्या नीतिविचाराचें सूत्र साधें होतें. जें जें करणें आपल्या हातीं आहे, त्यांतून सर्वांच्या हिताला जें अधिकांत अधिक पोषक तें निवडावें. परंतु हें सूत्र ते केवळ खाजगी आचरणापुरतें ठेवीत नसत. जन्मावरून मिळणारे मानमरातब, संपत्तीची विषमता, युद्ध, या सर्वांना ते हीच कसोटी लावीत. लोक ज्याप्रमाणें द्वंद्वयुद्धाची निंदा करूं लागले आहेत, त्याप्रमाणेंच एक दिवस ते राष्ट्राराष्ट्रांमधील युद्धाचीहि करतील, असें त्यांनीं १८११ सालीं तरुणांना सांगितलें. आणि तेंहि नेपोलियनच्या युद्धांनीं युरोप होरपळत असतां! १८१६ मध्यें बोहेमियांतील चेक आणि जर्मन भाषा बोलणाऱ्या दोन समाजांच्या परस्परसंबंधावर ते बोलले. एकमेकांची भाषा शिका, एकाला दुसऱ्याहून वरचढ लेखूं नका, असा त्या बोलण्याचा रोख होता. १८१८ सालीं ते तत्त्वज्ञान शाखेचे डीन झाले.

व्हिएन्नाच्या दरबारीं तक्रारी मात्र बऱ्याच आधीपासून जात होत्या. दरबारचे धर्मोपदेशक फ्रिंट यांनीं या विषयावर लिहिलेलें पाठ्यपुस्तक बोल्झानो यांनीं सुरुवातीसच बाजूस ठेवलें होतें, हा पहिला राग. पुढें जर्मनींतील विद्यार्थिचळवळींनीं मेटरनिखचें सरकार हादरलें आणि जिकडे तिकडे संशयाचें राज्य सुरू झालें. अखेर २४ डिसेंबर १८१९ रोजीं, ऐन नाताळाच्या आदल्या दिवशीं, बादशहाच्या हुकुमानें बोल्झानो यांना पदच्युत करण्यांत आलें. त्यांना शिकविण्यास, प्रवचन करण्यास आणि ग्रंथ प्रसिद्ध करण्यासहि बंदी झाली. मागें पोलिसांची नजर लागली. १८२० मध्यें त्यांचे शिष्य फेस्ल यांना अटक झाली. त्यानंतर १८२१ पासून धर्मपीठाकडून चौकशी सुरू झाली. आपल्या मतांत पाखंड होतें असें त्यांनीं लिहून द्यावें, अशी अपेक्षा होती.

बोल्झानो यांची खरी परीक्षा येथें होती. ते बंडखोर नव्हते. जागा गेली ती त्यांनीं सोडली, तोंड बंद ठेवण्याचा हुकूम झाला तो पाळला, धर्मगुरूचा वेष त्यांनीं कधीं उतरविला नाहीं. पण जें मनापासून खरें वाटतें तें खोटें आहे अशी कबुली देणें त्यांना शक्य नव्हतें. हुकुमानें माणूस गप्प राहूं शकतो. हुकुमानें त्याचें मत कसें बदलणार? १८२५ मध्यें ती चौकशी संपली. त्यांनीं माघार घेतली नाहीं.

पुढील आयुष्यांत त्यांना आधार मिळाला तो होफमान दांपत्याचा. दक्षिण बोहेमियांतील तेखोबुझ येथें या कुटुंबाची वाडी होती. १८२३ पासून उन्हाळा आणि १८३० पासून जवळ जवळ सर्व काळ बोल्झानो तेथेंच राहिले. ॲना होफमान या बाईंनीं त्यांच्या दुखण्यांत त्यांची शुश्रूषा केली. ज्या लेखणीला छापखाना बंद होता, ती येथें अखंड चालली. १८३७ सालीं त्यांचा ‘विसेनशाफ्ट्सलेरे’ म्हणजे विज्ञानशास्त्र हा चार खंडांचा ग्रंथ ऑस्ट्रियाच्या हद्दीबाहेर, बव्हेरियांतील सुल्झबाख येथें छापला गेला. मनुष्यजातीला गवसलेलीं सत्यें निरनिराळ्या शास्त्रांत कशीं वांटावीं आणि पाठ्यपुस्तकांत कशीं मांडावीं, याचे नियम देणें हा त्या ग्रंथाचा हेतु. अध्यापन बंद झालेला हा माणूस अध्यापनाचाच पाया घालीत होता, हें श्रोत्यांच्या ध्यानांत येईल.

या ग्रंथाचा गाभा म्हणजे ‘स्वयंसिद्ध असणारें सत्य’ ही कल्पना नव्हे. कारण स्वयंसिद्ध म्हणजे सिद्धतेची जरूर नसलेलें. बोल्झानो यांचें म्हणणें निराळें आहे. सत्य हें कोणी तें जाणण्यावर, मानण्यावर किंवा बोलण्यावर अवलंबून नसतें. गेल्या वसंतांत अमुक एका झाडाला किती फुलें आलीं, हें कोणीहि मोजलें नसेल. तरी त्या फुलांची एक ठराविक संख्या होतीच. ती बहुमतानें ठरत नाहीं आणि हुकुमानें बदलत नाहीं.

गणितांतहि त्यांनीं हाच बाणा राखला. एखादी अखंड रेषा आडव्या रेषेच्या खालून निघून वर गेली, तर वाटेंत कोठें तरी ती तिला छेदणारच, हें पोरालाहि दिसतें. परंतु दिसणें म्हणजे सिद्ध होणें नव्हे, म्हणून १८१७ सालीं आकृतीचा आधार न घेतां केवळ संख्यांच्या विचारानें त्यांनीं तें सिद्ध करूं पाहिलें. तसेंच १८३० च्या सुमारास त्यांनीं अशी एक रेषा रचली कीं, ती कोठेंहि तुटत नाहीं, तरी तिच्यावरील असंख्य बिंदूंपाशीं तिला निश्चित दिशाच नाहीं. अशा प्रकारचें उदाहरण जर्मन गणिती वायरस्ट्रास यांनीं १८७२ मध्यें विद्वानांपुढें ठेवलें, तेव्हां मोठी खळबळ उडाली. बोल्झानो यांचा कागद मात्र व्हिएन्नांतील हस्तलिखितांत पडून होता. तो १९२० नंतर हातीं लागला आणि त्यांचा तो ग्रंथ १९३० सालीं छापला गेला.

पुढें बोल्झानो प्रागला परतले आणि धाकट्या भावाच्या घरीं राहूं लागले. १८ डिसेंबर १८४८ रोजीं त्यांचा अंत झाला. त्याच वर्षीं मार्चमध्यें मेटरनिख यांना सत्ता सोडून पळून जावें लागलें होतें. पण बोल्झानो यांना अध्यासन पुन्हा मिळालें नाहीं. त्यांचे ग्रंथ जगले ते शिष्यांमुळें. फेस्ल यांनीं ते परमुलखांत छापविले. प्रिहोन्स्की यांनीं ‘अनंताचे विरोधाभास’ हें पुस्तक १८५१ मध्यें प्रसिद्ध केलें. तें वाचून कँटर या गणितज्ञांनीं अनंताच्या विचारांतील या पूर्वसूरीचा गौरव केला. १९०० सालीं तत्त्वज्ञ हुसर्ल यांनीं त्यांना थोर तर्कशास्त्रज्ञांत स्थान दिलें. १९६९ पासून त्यांचें समग्र साहित्य जर्मनींत खंडशः प्रसिद्ध होऊं लागलें.

चौदा वर्षें शिकविणें आणि एकोणतीस वर्षें गप्प राहणें, असा हा हिशेब आहे. ज्या तरुणांना वळण लावण्यासाठीं सरकारनें तें अध्यासन घातलें, त्यांतल्याच कांहीं जणांनीं शिक्षकाचे कागद जपून ठेवले आणि त्यांना छापखान्याची वाट दाखविली. अध्यापकाची परीक्षा घेणारे खरे परीक्षक दरबारांत नसतात. ते वर्गांत समोर बसलेले असतात.