शिकारी गोगलगायी व सागरी शिंपल्यांचे जीवाश्म

शिंपल्याच्या कवचास भोक पाडून आतील मृदू प्राणी खाणाऱ्या सागरी गोगलगायींची शिकार जीवाश्मांत नोंदली जाते. दातांवरून प्राण्याच्या आहाराचे केवळ अनुमान होते. येथे मात्र हल्ल्याची खूण भक्ष्याच्या कवचावरच उमटलेली असते.

नॅटिसिडी व म्युरिसिडी ही अशा गोगलगायींची प्रमुख कुले होत. छिद्रक इंद्रियाच्या स्रावाने कवच मऊ करून सूक्ष्म दातांच्या पट्टीने ते खरवडले जाते. या कामास अनेक तास लागतात. वाळूत व चिखलात वावरणाऱ्या नॅटिसिडींचे छिद्र बाहेरून रुंद व आत निमुळते, तर बहुधा खडकांवरील म्युरिसिडींचे सरळ नळीसारखे असते. अर्धवट राहिलेले छिद्र फसलेला हल्ला दर्शविते. शिंपल्याची दोन पुटे सुटी होतात व छिद्र सामान्यतः एकाच पुटावर असते. म्हणून गणनेत ही बाब लक्षात न घेतल्यास शिकारीचे प्रमाण कमी भासते.

कवचांवरील छिद्रांचा इतिहास सु. ५५ कोटी वर्षे मागे जातो. तथापि वरील कुलांचा प्रसार क्रिटेशस काळापासूनचा आहे. शिकाऱ्यांच्या वाढीमुळे मध्यजीव महाकल्पात भक्ष्यांची कवचे अधिक बळकट झाली, असे खेरात व्हर्मी यांनी १९७७ मध्ये प्रतिपादिले. भारतीय संशोधकांनी २०१२ मध्ये कच्छमधील उत्तर जुरासिक शिंपल्यांवर विपुल छिद्रे नोंदविली. त्यामुळे अशी तीव्र शिकार क्रिटेशसपूर्वीही होत होती, असे दिसून आले.

मुंबईचा पायाखडक मात्र दक्षिण ट्रॅपच्या लाव्ह्याचा आहे. त्याच्या थरांमधील वरळी येथील गाळखडकांत बेडकांचे जीवाश्म मिळाले असून रिचर्ड ओएन यांनी त्यांचे वर्णन १८४७ मध्ये केले. ते गोड्या पाण्याचे निदर्शक आहेत. त्यामुळे मानखुर्द येथील खडकात पुरातन सागरी शिंपले आढळत नाहीत. तथापि हे ठिकाण ठाणे खाडीच्या पश्चिम काठी आहे. खाडीच्या चिखलात जिवंत प्राणी व त्यांची रिकामी कवचे एकत्र असतात. जीवाश्मांत फक्त छिद्र उरते. शिकारी व भक्ष्य यांचा संबंध प्रत्यक्ष पडताळता येतो तो अशा आधुनिक समूहांतच. भराव व सांडपाणी यांमुळे हे समूह नष्ट झाल्यास मत्स्यसंपत्तीबरोबरच जीवाश्मांचा अर्थ लावण्याचे एक साधनही नाहीसे होते.