परळची बाटली आणि प्लेगची जनुकं

इअरफोन लावलेत ना? आजचा भाग बस-लोकलमध्ये ऐकत असाल आणि परळच्या आसपास असाल, तर अजून मजा येईल. कारण आजच्या गोष्टीचा मोठा भाग तिथेच घडलाय. केईएम हॉस्पिटलच्या त्याच परिसरात एक जुनी, दगडी, ऐसपैस इमारत आहे. पूर्वी तिथे मुंबईचा गव्हर्नर राहायचा. १८९९ पासून तिथे प्लेगची लस बनायला लागली. आज आपण तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो.

आता प्रश्न असा. प्लेगची लस सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या मुंबईत बनली. प्लेगच्या जंतूचा अख्खा जीनोम, म्हणजे जनुकांचा पूर्ण मजकूर, २००१ मध्ये वाचून झाला. मग आजही तुम्हा-आम्हाला घेता येईल अशी प्लेगची चांगली लस का नाहीये? चला, पहिल्यापासून बघू.

सप्टेंबर १८९६. मुंबईतलं मांडवी. गोदी जवळ, धान्याची कोठारं, कोठारांत उंदीर, आणि वर दाटीवाटीने राहणारी माणसं. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी इथे तापाने फणफणलेले, जांघेत-काखेत गाठी आलेले रुग्ण पाहिले आणि स्पष्ट सांगितलं, हा प्लेग आहे. मेट्रो सिनेमाजवळून जाता ना? तिथला पुतळा यांचाच. आधी लोकांना पटेना. मग मृत्यू वाढले आणि माणसं गाड्या-बोटी भरभरून गावाकडे पळाली. त्यांच्यासोबत प्लेगही गेला.

जंतू कोणता, हे दोनच वर्षांपूर्वी कळलं होतं. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर यर्सिन याने तो शोधला, म्हणून आज त्याचं नाव यर्सिनिया पेस्टिस. पण तो पसरतो कसा, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. पिसवांचा दुवा पॉल-लुई सिमोंने कराचीत शोधला, तो १८९८ मध्ये. म्हणजे १८९६ च्या मुंबईत सरकार अंधारात तलवार फिरवत होतं.

अशा वेळी ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आला. ओडेसात जन्मलेला ज्यू माणूस, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला. भारतात त्याने आधी कॉलऱ्याची लस दिली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला मिळालं काय? एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. बस्स.

जंतू वाढवायची त्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. काचेच्या चंबूत मांसाचं सूप, आणि वर तरंगते तुपाचे थेंब. होय, आपलं तूप! त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे, गुहेच्या छताला दगडी सुळके लोंबतात ना, तसे. चंबू हलवला की सुळके तुटून तळाशी, आणि वर पुन्हा नवी वाढ. असं काही आठवडे करायचं, मग तापवून जंतू मारायचे. झाली लस. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, पण माणूस उभा राहिला.

मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. साधारण निम्म्या कैद्यांनी लस घेतली. न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले, ६ गेले. घेतलेल्यांपैकी काही जण टोचणीच्या वेळीच आजारी होते, ते वाचले नाहीत. पण बाकीच्यांपैकी फक्त २ आजारी पडले आणि दोघंही वाचले. लस परिपूर्ण नव्हती, पण काम करत होती. आता इथे एक मिनिट थांबा. हे कैदी स्वखुशीने पुढे आले असं म्हणतात. पण तुरुंगातल्या माणसाची स्वखुशी ती किती? आजच्या नियमांत असा प्रयोग बसला नसता. हे मनात ठेवून पुढे जाऊ.

त्याच महिन्यांत पुण्यात काय चाललं होतं, ते शाळेत वाचलंय तुम्ही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. हो हो, तोच, जो २०२० मध्ये कोविडला पुन्हा काढला. गोरे शिपाई घरात, देवघरात घुसले, सामान बाहेर फेकलं, बायकांची तपासणी झाली. २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. आणि त्याच साथीत, हडपसरजवळच्या दवाखान्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या. एक साथ, दोन चित्रं. एकीकडे बंदुकीच्या धाकावरची तपासणी, दुसरीकडे आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणारी सावित्रीबाई. लोकांनी विश्वास कुणावर ठेवावा? सरकारवरचा राग लसीवरही निघाला. टोचलं की माणूस मरतो, धर्म बुडतो, अशा अफवा होत्याच.

आणि मग अफवेला खरं ठरवणारी गोष्ट घडली. ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव, आता पाकिस्तानात आहे. १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. बाकीच्या बाटल्यांना काही झालं नाही. दोष कुणाचा? परळच्या प्रयोगशाळेचा, म्हणजेच हाफकिनचा, असं चौकशीने ठरवलं. त्याला पदावरून दूर केलं. पुढे पुरावे तपासले तेव्हा कळलं, की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून त्याची बाजू मांडली, तेव्हा कुठे तो सुटला. पाच वर्षं गेली. ती १९ माणसंही गेली, हेही विसरायचं नाही. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला हाफकिनचं नाव दिलं.

आता गिअर बदलू. चला जनुकांकडे.

हा जंतू मूळचा कोण? पोट बिघडवणाऱ्या एका साध्या जंतूचा वंशज. काही हजार वर्षांपूर्वी तो वेगळा झाला. कसा? समजा, जंतूचा मुख्य डीएनए म्हणजे एक वही. त्या वहीत बाहेरून आलेल्या चिठ्ठ्या खोचता येतात. शास्त्रज्ञ या चिठ्ठ्यांना प्लास्मिड म्हणतात. प्लेगच्या जंतूने अशा दोन नव्या चिठ्ठ्या मिळवल्या. एकीतल्या जनुकामुळे तो पिसवाच्या पोटात जिवंत राहायला शिकला. दुसरीतल्या जनुकामुळे तो चावलेल्या जागेवरून शरीरात खोल पसरायला शिकला. गंमत म्हणजे कांस्ययुगातल्या माणसांच्या दातांत प्लेगचे जे फार जुने नमुने सापडले, त्यांत पिसवाचं ते जनुक नाहीये. म्हणजे तेव्हा तो अजून पिसवावर स्वार व्हायला शिकला नव्हता.

पिसवात शिरल्यावर जंतू आणखी एक करामत करतो. चिकट गोळा बनवून पिसवाचा घसाच बंद करतो. रक्त पोटात जात नाही, पिसू उपाशी, मग ती वेड्यासारखी चावत सुटते. चावेल तिथे जंतू ओकते. बिचाऱ्या मांडवीकरांना हे कोण सांगणार होतं?

आणि लस? उंदरा-माणसाच्या गरम रक्तात, ३७ अंशांना, हा जंतू अंगावर एक प्रथिनाची शाल पांघरतो. तिचं नाव एफ-वन. या शालीमुळे आपल्या पांढऱ्या पेशी त्याला सहज गिळू शकत नाहीत. पण शरीराला ती शाल आधीच ओळखीची असेल, तर जंतू पकडला जातो. मेलेल्या जंतूंच्या लशी गाठीच्या प्लेगला अडवतात त्या मुख्यतः या ओळखीमुळे. मात्र फुप्फुसांच्या प्लेगपुढे त्या कमी पडतात. शिवाय शाल न पांघरणारे जंतूही असतात. म्हणून नव्या लशींत एफ-वनसोबत अजून एक प्रथिन घालतात, व्ही नावाचं. जंतू आपल्या पेशीत विष टोचायला जी सुई वापरतो, तिच्या टोकावरचं.

मेलेला नको, तर जिवंत पण दुबळा जंतू वापरू, हाही मार्ग झाला. मादागास्करमध्ये मिळालेल्या ईव्ही नावाच्या वाणाची लस तिथे आणि सोव्हिएत देशांत लाखोंना दिली. त्याच्या डीएनएतला एक मोठा तुकडा गळालाय, त्यामुळे त्याला शरीरातलं लोह ओरबाडता येत नाही. लोह नाही, तर वाढ नाही. सुरक्षित वाटतं ना? २००९ मध्ये शिकागोतला एक संशोधक असाच एक दुबळा वाण हाताळताना संसर्ग होऊन मरण पावला. नंतर कळलं, त्याला शरीरात लोह साठण्याचा आनुवंशिक आजार होता. जंतूला ओरबाडावं लागलंच नाही, लोह आयतं मिळालं. म्हणजे लस तपासताना फक्त जंतूची जनुकं वाचून चालत नाही, माणसाचीही बघावी लागतात.

मग आजही लस का नाही? पहिलं, वेळेत अँटिबायोटिक दिलं तर प्लेग बरा होतो. दुसरं, रुग्ण थोडे आणि बहुतेक गरीब, मग कंपन्या पैसा का लावतील? तिसरं, साथ कधी, कुठे येईल सांगता येत नाही, त्यामुळे मोठी चाचणी घ्यायची कुठे? ऑक्सफर्डमध्ये २०२१ ला ४० निरोगी स्वयंसेवकांवर एक नवी लस तपासायला सुरुवात झाली. वाट बघायची.

पण प्लेग संपलाय असं समजू नका. १९९४ मध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि मग सुरतेत तो दिसला. सुरतेहून लाखो लोक पळाले, अगदी १८९६ च्या मुंबईसारखे. २०१७ मध्ये मादागास्करात २०० हून जास्त माणसं गेली.

शेवटची गोष्ट सांगतो, मला सगळ्यात जास्त हलवणारी. २०११ मध्ये लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड दफनभूमीतल्या, १३४८-५० च्या साथीत मेलेल्या माणसांच्या दातांतून शास्त्रज्ञांनी जंतूचा जीनोम जुळवला. वाटलं होतं, युरोपची निदान एक तृतीयांश माणसं मारणारा तो जंतू काहीतरी वेगळाच राक्षस असणार. तसं काही खास सापडलं नाही. तो आजच्या जंतूसारखाच निघाला. म्हणजे जंतू काही सभ्य झालेला नाही. बदललंय ते आपलं जगणं, घरं, औषधं. आणि ही तिन्ही जिथे अजून बदललेली नाहीत, तिथे प्लेगला १३४८ आणि आज यांत फारसा फरक दिसत नाही.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात आजी-पणजींकडून प्लेगच्या आठवणी आल्या असतील, उंदीर पडले म्हणून गाव सोडून रानात झोपड्या बांधल्याच्या, तर त्या आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा. दातांतून जीनोम मिळतो हो, आठवण नाही मिळत. भेटू पुढच्या भागात!