कीर्द, खतावणी आणि पावती

हिशेबाची एक गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. एकनाथ देवगडावर जनार्दनस्वामींच्या घरी राहत होते. स्वामी किल्ल्याचे अधिकारी. त्यांनी दप्तराचे काम या तरुण शिष्याकडे सोपवले. एके दिवशी जमाखर्चात एका पैची चूक निघाली. दिवा लावून नाथ बसले. सारी वही पुन्हा पाहिली, रात्र उलटत गेली, आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद. मग जन्माची चूक सापडली तर केवढा होईल!

कीर्तनकार येथून परमार्थाकडे वळतात. आपण आज जरा प्रपंचातच थांबू. ज्याने कधी वही लिहिली आहे त्याला ती टाळी मनापासून कळते. नाथांना ती पै पदरची भरता आली असती. पण अशाने चूक जात नाही, नुसती झाकली जाते. शिवाय एका पैचा फरक दिसतो तेव्हा चूक एका पैचीच असते असे नाही. जमेत शंभराची एक चूक आणि खर्चात जवळजवळ तेवढीच दुसरी, अशा दोन चुका एकमेकींना खाऊन वर फक्त पै उरलेली असू शकते. म्हणून जाणता कारकून लहान फरकाला जास्त भितो.

हा कारकून आपल्या महाराष्ट्रात तयार कसा होत असे, ते आधी पाहू. पंतोजीच्या शाळेत धूळपाटीवर बोट फिरवून अक्षर गिरवायचे, मग बोरू हाती यायचा. पाढे नुसते तिसापर्यंत पाठ करून भागत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दिडकी, अडीचकी, आणि साडेतीनची औटकी, ही सगळी तोंडपाठ हवी. हा काही पोरांचा छळ नव्हता. सोळा आण्यांचा रुपया, चाळीस शेरांचा मण. तेव्हा सव्वा मण धान्य पावणेतीन रुपये दराने किती, याचे उत्तर बाजारात उभ्याउभ्या द्यावे लागे. आकडे लिहिण्याची रीतही निराळी होती. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. माझ्या वर्गात एका विद्यार्थ्याने घरची जुनी वही आणली होती. तीत पाचापुढे दोन रेघा होत्या. वर्गाने एकमुखाने वाचले, पाचशे अकरा! रक्कम होती साडेपाच रुपये. १९५७ च्या एप्रिलात दशमान नाणी आली आणि ही सारी पाठांतरे हळूहळू मावळली. गेली ते बरेच झाले. पण त्यांच्याबरोबर आजोबांची वही वाचण्याची किल्लीही गेली.

मग मोडी. बोरू फार न उचलता भरभर लिहिता यावे म्हणून ही लिपी. आधी डोक्यावरची ओळ आखायची आणि तिला अक्षरे लोंबवत जायचे. शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा विचार नाही. त्यावर आणखी कालगणनेचे ओझे. सरकारी वर्ष मृगापासून सुरू होई, आणि सनाचे आकडे अरबी शब्दांत लिहीत. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार; एकूण ११७५, आपल्या आजच्या हिशेबाने १७७४-७५. कोकणातल्या नाहीतर देशावरच्या खेड्यातला मुलगा हे अरबी आकडे घोकत असे, आणि पुष्कळांना ते अरबी आहेत याची दादही नसेल. एवढे झाले की एखाद्या नातेवाइकाच्या हाताखाली उमेदवारी. आधी नकला करायच्या, मग बेरजा ताडायच्या, आणि पुष्कळ दिवसांनी स्वतंत्र वही.

काम मुळात दोन वह्यांचे. रोजकीर्द म्हणजे व्यवहार ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने त्याच दिवशी लिहिणे. दिवस संपला की वहीतली शिल्लक आणि पेटीतली रोकड जुळली पाहिजे. खतावणी म्हणजे तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या नावाखाली नेऊन मांडणे. कीर्द विचारते, आज काय झाले? खतावणी विचारते, या माणसाचे आणि आपले काय उरले? वर्षअखेर या सर्वांतून ताळेबंद निघतो. आजचे कॉमर्सचे विद्यार्थी दुहेरी नोंदीची पद्धत शिकतात, यंत्र बेरजा करते; तरी मुळातले हे दोन प्रश्न तेच आहेत.

खेड्यात हे काम कुलकर्ण्याचे. कोणाची किती जमीन, आकार किती, वसूल किती, बाकी किती, हे त्याच्या दप्तरात. पुण्यात पेशव्यांचे हुजूर दप्तर होते आणि त्यात सुमारे दोनशे कारकून बसत. फडावर हुकूम आणि सनदा निघत. बेहेड्याच्या खात्यात पुढील जमाखर्चाचा अंदाज बांधत. आणि एकबेरीज दप्तरात सर्व प्रांतांच्या हिशेबांचे गोषवारे तयार होत. या व्यवस्थेला शिस्त लावणारा मोठा माणूस म्हणजे नाना फडणीस. बाळाजी जनार्दन भानू हे त्यांचे मूळ नाव, जन्म १७४२, मृत्यू १८००. लोक त्यांना मुत्सद्दी म्हणून ओळखतात. पण ‘फडणीस’ हा शब्दच हिशेबी दप्तरातला आहे.

या व्यवस्थेतली एक खुबी मला फार शहाणपणाची वाटते. मोठ्या मामलेदाराच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस असे दरकदार असत. कामे वाटलेली. रोकड सांभाळणारा एक आणि हिशेब तपासणारा दुसरा. मुख्य म्हणजे या दरकदारांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्याच मर्जीवर तपासनिसाची भाकरी अवलंबून नसावी, हे तत्त्व त्यांनी ओळखले होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ही घडी विसकटली. जास्त रक्कम बोलेल त्याला मामलत मक्त्याने मिळू लागली. मक्तेदाराने ठरलेला पैसा भरला की झाले. रयतेकडून त्याने किती घेतले हे कोण विचारतो? वह्या होत्या, पण वही पाहणारा डोळा मिटला.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि इंग्रजी अंमल आला. नवी मोजणी झाली, सारा रोख भरण्याची सक्ती आली, न्यायकचेऱ्या आल्या. सारा भरण्यासाठी शेतकरी सावकाराच्या दारात गेला, आणि तेथे त्याला दुसरी वही भेटली. हीत जमा कोण लिहितो? सावकार. व्याज कोण मोजतो? सावकार. वाचून कोण दाखवतो? तोही सावकारच. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने दाव्याला थोड्या वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या सोयीचा. पण घडले उलटे. मुदत संपत आली की सावकार नवा रोखा करून घेई, आणि मुद्दलात व्याज मिळवून तेच नवे मुद्दल धरी. शेतकरी अंगठा उठवी. फेडलेल्या पैशाची पावती त्याच्या हाती नसे. कोर्टात उभे राहायचे तर तोंडची भाषा त्याची, आणि कागद समोरच्याचा. कोर्ट कागदाचे ऐकते.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हा कर्ज सहज मिळाले. १८६५ नंतर भाव कोसळले, सावकारांनी हात आखडला, त्यातच साऱ्याचे दर वाढले. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावच्या बाजारात लोक उठले. लोण नगर जिल्ह्यातही पसरले. दुकाने लुटली गेली, घरेही पेटली; ते समर्थनीय नव्हे. पण लोकांचा मुख्य रोख कशावर होता तो पाहा. बहुतेक गावी त्यांनी मागितले ते रोखे आणि खातेवह्या, आणि त्यांची होळी केली. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तेथे पुष्कळदा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. जी वही वाचता येत नाही ती जाळण्यावाचून माणसाला दुसरा उपाय सुचला नाही, एवढाच या दंग्याचा अर्थ मी लावतो.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी खास कायदा केला. त्यातली एक तरतूद साधी, पण फार मोलाची होती. शेतकऱ्याने पैसे भरले की लेखी पावती मागण्याचा, वर्षाचा हिशेब लिहून घेण्याचा, आणि आपल्यापाशी खातेपुस्तक ठेवण्याचा हक्क त्याला मिळाला. पावती हे नाव ऐकले की मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आठवते. दुष्काळात त्यांनी बादशहाचे कोठार भुकेल्यांना लुटू दिले. मग विठोबा विठू महार होऊन बेदरच्या दरबारात गेला आणि धान्याचे पैसे भरले. कथेतला मौजेचा भाग हा, की देवानेसुद्धा भरलेल्या रकमेची पावती घेतली आणि ती पंतांच्या पोथीत आणून ठेवली. देवाला जे सुचले ते आपल्या शेतकऱ्याला मिळायला १८७९ साल उजाडले.

पण हक्क मिळाला तरी पावती वाचायची कोणी? हे मर्म जोतीराव फुल्यांनी ओळखले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना त्यांनी मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाच्या जोडीला हिशेब घातला. पिढ्यानपिढ्या ही विद्या थोड्या घरांत कोंडलेली होती. कुलकर्ण्याचा मुलगा ती ओसरीवर शिके, आणि ज्याची बाकी लिहिली जाई त्याच्या मुलाला शाळेचा उंबरा दिसत नसे. जोतीरावांची मागणी ही नोकरीसाठी कारकून तयार करण्याची नव्हती; आपल्या नावावर काय लिहिले आहे ते ज्याचे त्याला वाचता यावे, ही होती.

पुढे मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने बंद केली. दप्तर तलाठ्याकडे गेले, गावोगाव सहकारी सोसायट्या निघाल्या, आज सातबारा संगणकावर दिसतो. तरीही सोसायटीच्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो तेव्हा आपल्यापैकी किती जण ऐकतात, आणि किती जण चहाची वाट पाहतात? तो ताळेबंद म्हणजे आपलीच खतावणी आहे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक सूचना आहे. गणिताच्या तासाला एक दिवस पुस्तक बाजूला ठेवावे. मुलांना सांगावे, घरचे पासबुक, विजेचे बिल, सोसायटीची पावती जे असेल ते घेऊन या. व्याज कसे काढले, बाकी कशी आली, ते मुलांनीच ताडून पाहावे. बहुतेक वेळा हिशेब बरोबरच निघेल, आणि तेही कळणे चांगले. पण एखाद्या मुलाला एका रुपयाची चूक सापडली आणि त्याने वर्गात टाळी वाजवली, तर गुरुजी, त्याला गप्प बसवू नका.