बांध कोरण्याआधी त्याचा इतिहास वाचा

ट्रॅक्टरनं बांध कोरायचा अन् दोन तासं जास्त पेरायची, ही सवय आता लई वाढलीय. म्हणून त्या बांधाची हकीकत इथं लिहून ठेवतो.

कोरडवाहू शेतीचा अभ्यास ताम्हणे यांनी 1923 साली पुण्याजवळ मांजरीला सुरू केला. 1933 ला सोलापूरला केंद्र निघालं. तिथं शेतातून किती पाणी वाहतं अन् त्याच्याबरोबर किती माती जाते, हे प्रत्यक्ष मोजलं गेलं. 1942 ला मुंबई इलाख्यात जमीन सुधारणेचा कायदा झाला अन् शिवारंच्या शिवारं बांधबंदिस्तीखाली आली. 1972 च्या दुष्काळात तर हजारो बायामाणसांनी दुष्काळी कामांवर डोक्यावरनं माती वाहून बांध घातले.

आता मूळ दुखणं बघा. आपल्याकडं वर्षाचा पाऊस कमी, पण येतो तो तासा-दोन तासांत धो धो. थेंबाच्या माऱ्यानं ढेकूळ फुटतं, बारीक माती छिद्रात बसते, वर खपली धरते. मग पाणी मुरत नाही, उताराला पळतं. त्यात ज्वारीचं रान पावसाळाभर उघडं. सोलापूरकडं जोराचा पाऊस सप्टेंबरला, तेव्हाही रानावर हिरवं पान नसतं.

हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅटनं 1976 पासून काळ्या रानावर हेच मोजलं. पावसाळ्यात पड ठेवलेल्या रानातून वर्षाला हेक्टरी साडेसहा टनांच्या आसपास माती गेली, म्हणजे एकरी अडीच टन. हलक्या उतारावर रुंद वरंबा-सरी करून पावसाळ्यातही पीक घेतलं, तिथून हेक्टरी दीड टन.

बांधाचीही एक मेख आहे. भारी काळ्या रानात पाणी लवकर मुरत नाही, बांधाला तुंबतं, पीक पिवळं पडतं. उन्हाळ्यात बांधाला भेगा पडतात, त्यातनं पाणी शिरून बांध फुटतो. म्हणून भारी रानात बांधाला थोडा ढाळ अन् दगडी सांडवा लागतोच. नुसती माती ओढून भागत नाही.

अन् वरचा एक बांध फुटला की साठलेलं पाणी एकदम खालच्यावर येतं, तोही जातो. म्हणून बांध एकट्याचा नसतो, अख्ख्या उताराचा असतो. कोरलेली दोन तासं एकाची, पण वाहून जाणारी माती खालच्या सगळ्यांची.

मृगाआधी बांधावरून एक चक्कर मारा. भेगा बुजवा, सांडवा मोकळा करा. तुमच्या शिवारात 72 सालचे बांध किती उरलेत, खाली लिहा.